वाढलेले सात किलो आणि घटत गेलेला स्क्वॅट

सत्ताविसाव्या वर्षी माझी उंची 175 सेंटिमीटर आणि वजन 52 किलो होते. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक) 17, आणि 18.5 च्या खाली तो गेला की डॉक्टर त्याला कमी वजन म्हणतात. लहानपणापासून ‘काडीपैलवान’ हे नाव चिकटले होते आणि घरी लग्नाचा विषय निघू लागल्यापासून ते अधिकच बोचू लागले होते. नागपुरात मानेवाडा रिंग रोडच्या बाजूला असलेल्या एका जिममध्ये मी नाव घातले, तेव्हा माझ्या याच दुखऱ्या जागेवर तिथल्या ट्रेनरने नेमके बोट ठेवले. “काहून टेन्शन घेता भाऊ, दोन महिन्यांत दहा किलो वाढवून देतो, लेखी लिहून घ्या,” असे तो म्हणाला. लेखी मात्र काहीच मिळाले नाही.

24,000 रुपयांचे ‘पॅकेज’ होते. 9,000 रुपये वैयक्तिक प्रशिक्षणाचे, 10,000 रुपये मास गेनरच्या, म्हणजे वजन वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पावडरच्या, पाच-पाच किलोंच्या दोन डब्यांचे आणि 5,000 रुपये ‘आयुर्वेदिक’ कॅप्सूलचे. पैसे जिमच्या खात्यात न जाता ट्रेनरच्या स्वतःच्या क्रमांकावर यूपीआयने गेले आणि पावती म्हणून वहीचा फाडलेला एक कागद हातात आला. कॅप्सूल झिपच्या साध्या प्लास्टिक पिशवीत होत्या. त्यावर ना नाव, ना बॅच क्रमांक, ना मुदतीची तारीख. एका कार्यालयात मी लेखापालाचे काम करतो आणि बिलावरचा एक आकडा चुकला तरी ते परत पाठवतो, त्याच माणसाने हे सर्व निमूटपणे खिशात घातले.

पाच आठवड्यांत वजन 59 किलोवर गेले. दर शनिवारी ट्रेनर मला काट्यावर उभे करी, आकडा फळ्यावर लिहून त्याचा फोटो काढी आणि आणखी दोन-तीन मुलांना दाखवी. भूक अशी लागे की सकाळचे तर्री पोहे खाऊन दहा मिनिटे होत नाहीत तोच पुन्हा काही खावेसे वाटे. दुपारी कार्यालयात डोळे मिटत. अंग भरत आहे म्हणून शेजारीपाजारी कौतुक करीत होते. आई तेवढी एके दिवशी चहा देताना थबकली आणि म्हणाली, “अंग नाही भरलं रे, चेहरा सुजल्यासारखा दिसते तुझा.” मी तिच्यावर चिडलो, हे आज लिहितानाही संकोच वाटतो.

मी व्यायामाची नोंद एका लहान डायरीत ठेवत असे. पहिल्या महिन्यात स्क्वॅट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन खाली बसून उठण्याचा व्यायाम, 30 किलोंवरून 50 किलोंवर आला होता. सहाव्या आठवड्यात 50 किलो घेऊन सलग पाचव्यांदा उठता येईना, सातव्यात 45 जड वाटू लागले आणि आठव्यात 40 किलोंवर मांड्या थरथरू लागल्या. सीताबर्डीतील आमचे कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथला जिना चढताना मला कठड्याला धरावे लागले, त्या दिवशी प्रथमच मनात आले की वजन सात किलोंनी वाढूनही ताकद घटत असेल, तर वाढले आहे ते स्नायू खासच नाहीत. ट्रेनरला विचारले तेव्हा त्याने कॅप्सूल दिवसाला एकाऐवजी दोन घ्यायला सांगितल्या.

रामदासपेठेतील एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी चेहरा पाहिला, मग पोट पाहिले, मग खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितले. जेवणानंतर दोन तासांची साखर 176, म्हणजे सामान्यपेक्षा जास्त, आली आणि सकाळी आठ वाजता दिलेल्या रक्तात कॉर्टिसोल (शरीर स्वतः बनवत असलेले स्टेरॉइड संप्रेरक) कमी निघाले. पिशवीतील कॅप्सूलमध्ये नेमके काय आहे, हे प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय सांगता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. तरीही वजनवाढीच्या नावाखाली डेक्सामेथासोन आणि सायप्रोहेप्टाडिन ही औषधे एकत्र देण्याचा प्रकार त्यांच्या चांगलाच परिचयाचा होता. सायप्रोहेप्टाडिन हे मुळात ॲलर्जीचे औषध आहे. त्याने भूक वाढते आणि झोपही येते. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असले तरी शरीरसौष्ठवाच्या संदर्भात ज्यांची चर्चा होते त्या ॲनाबॉलिक, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या, स्टेरॉइडच्या ते उलट वागते. त्याने चेहऱ्यावर व पोटावर चरबी साचते, रक्तातील साखर वाढते आणि विशेषतः मांड्यांच्या स्नायूंची झीज होते. स्नायू वाढवण्यासाठी पैसे मोजून मी बहुधा स्नायू झिजवणारी वस्तू विकत घेत होतो.

ज्यांच्याकडे अशी पिशवी आत्ता असेल, त्यांनी हे वाचून ती तडकाफडकी फेकून देऊ नये. असे स्टेरॉइड काही आठवडे पोटात गेले की शरीर स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे मंदावते आणि औषध एकाएकी बंद केल्यास रक्तदाब घसरून प्रकृती गंभीर होऊ शकते. कॅप्सूल घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि ते सांगतील त्या क्रमाने मात्रा कमी करावी. मला त्यासाठी सहा आठवडे लागले. वजन 54 वर आले.

मास गेनरच्या डब्याकडे मी नंतर सवडीने पाहिले. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘1,150 कॅलरी’ असे छापले होते. मागच्या बारीक अक्षरांनुसार ही मात्रा 300 ग्रॅमची होती आणि प्रत्येक 100 ग्रॅममध्ये प्रथिने 15 ग्रॅम, तर कर्बोदके 78 ग्रॅम होती, तीही मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिनची, म्हणजे जवळपास साखरेच्याच वेगाने पचणाऱ्या पिष्टाची. पाच किलोंच्या डब्यात 750 ग्रॅम प्रथिने, तीही छापलेले खरे मानले तर. तेवढी प्रथिने दीड किलो सोयावडीत असतात आणि इतवारीत त्यांना फार तर अडीचशे रुपये पडतात. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी परवाना क्रमांक मी सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहिला, तर तो मसाले बनवणाऱ्या दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघाला. बॅच क्रमांकाची चिठ्ठी नखाने उचकटली तेव्हा खाली आणखी एक चिठ्ठी होती आणि तिच्यावरची मुदत कधीच संपलेली होती. ही सगळी तपासणी अर्ध्या तासाची होती आणि ती डबा फोडण्यापूर्वीही करता आली असती.

आता मी दुसरीकडे व्यायाम करतो. दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे मला 86 ग्रॅम. चार अंडी, 50 ग्रॅम सोयावडी आणि अर्धा लिटर दूध यांतून 66 ग्रॅम मिळतात, उरलेले तुरीचे वरण, पोळ्या आणि मूठभर शेंगदाणे भरून काढतात. रविवारचे सावजी मटण मी हिशेबात धरत नाही, ते जिभेसाठी असते. गरजेपेक्षा रोज तीनशे-चारशे कॅलरी जास्त आणि आठवड्यातून तीन दिवस वजने. सात महिन्यांत चार किलो वाढले आणि स्क्वॅट 70 किलोंवर आहे.

पैसे परत मागितले तेव्हा जिमच्या मालकाने हा ट्रेनरचा खासगी व्यवहार असल्याचे सांगितले आणि ट्रेनर तोवर काम सोडून गेला होता. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली असून अन्न व औषध प्रशासनाकडेही लेखी अर्ज दिला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, त्यामुळे तिथल्या तक्रारीचाही मसुदा तयार आहे. पुरावा म्हणून माझ्यापाशी यूपीआयच्या नोंदी, वहीचा तो कागद, ट्रेनरने काढलेले फळ्याचे फोटो आणि न फोडलेला दुसरा डबा एवढे आहे. आईने तो दोनदा भंगारात द्यायला काढला होता, दोन्ही वेळा मी परत आणून पलंगाखाली ठेवला.