ठरलेला विषय की आलेला पेशंट?

दर बुधवारी रात्री साडेनऊला, ओपीडी आवरून, बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे आम्ही दहाबारा डॉक्टर चर्चेला बसतो. आधी विषय ठरलेला असायचा: आज मधुमेह, पुढच्या वेळी दमा. तयारी चांगली व्हायची, पण बोलायचा एकच. बाकीचे हं हं करत जेवायचे.

आता कुणीतरी आपली केस आणतो. पावसाळ्यात एकाने सांगितलं: बाई जमिनीवर झोपलेली, पहाटे पोटात कळा, मग पापण्या उघडेनात, दंशाची खूण नाही. मण्यार साप चावलेला! तिथून गाडी घोणस सापावर गेली. त्याच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, ते तपासायला पेशंटचं २ मिली रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरकी करून गोठलंय का बघायचं. एक जण प्लॅस्टिकची नळी वापरत होता. त्यात निकाल फसवा येतो, हे त्याला त्या रात्री कळलं. (खरं सांगायचं तर मलाही.)

केसवर बोलताना भरकटायला होतं. आणि गावाचं नाव घ्यायचं नाही. आपल्याकडे तेवढ्यावरून पेशंट ओळखतात. रक्तदाबासारखं रोजचं मागे पडतं, म्हणून शेवटचा बुधवार ठरलेल्या विषयाला ठेवलाय. माझं मत मात्र केसलाच.