राजारामपुरीतील परदेशी शिक्षण मार्गदर्शन केंद्र: एका पालकाचा अभिप्राय

मुलीला बारावीनंतर अमेरिकेत संगणकशास्त्र शिकायचे आहे आणि चारही वर्षांचा विद्यापीठाचा खर्च आम्हाला पेलणारा नाही. म्हणून पहिली दोन वर्षे कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात आणि पुढची दोन विद्यापीठात काढण्याचे ठरवून, त्याच्या आखणीसाठी राजारामपुरीतील एका केंद्रात 25,000 रुपये भरले. डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुले कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे कल्पना नवी नव्हती. मात्र कॅलिफोर्नियात कोणत्या कॉलेजातला कोणता विषय कोणत्या विद्यापीठात ग्राह्य धरला जातो, हे पहिल्या सत्राआधीच पाहावे लागते.

व्हिसाची कागदपत्रे आणि मुलाखतीचा सराव यांत केंद्राचे काम चोख आहे. दर सत्राला किमान 12 युनिट, म्हणजे विषयांचे श्रेयांक, घ्यावेच लागतात, हेही त्यांनी आपणहून बजावले.

गफलत झाली ती आखणीत. कॉलेज ठरले होते कूपरटिनोचे डी अँझा, पण हाती आलेल्या दोन वर्षांच्या तक्त्यात बेरीज होती 60 युनिटांची, आणि कोपऱ्यात सांता मोनिका कॉलेजचे नाव पुसायचे राहून गेले होते. सांता मोनिकात सेमिस्टर पद्धत असल्याने तिथे 60 युनिट पुरतात. डी अँझात क्वार्टर पद्धत, म्हणजे वर्षात दोनऐवजी तीन छोटी सत्रे, असल्यामुळे तेवढ्याच मजलेला 90 लागतात. शिवाय हमी प्रवेशाच्या, म्हणजे ‘टॅग’च्या, रकान्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली कॅम्पस लिहिले होते. ही सोय डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या त्या विद्यापीठाच्या सहाच कॅम्पसना आहे, त्यांतील एकाच ठिकाणी आणि सप्टेंबर महिन्यातच अर्ज करता येतो, आणि संगणकशास्त्रासारखी गर्दीची शाखा काही कॅम्पस त्यातून वगळतात.

या चुका मुलीने ‘असिस्ट’ या अधिकृत आणि मोफत संकेतस्थळावर दोन संध्याकाळी बसून शोधल्या. तिथे आपले कॉलेज, विद्यापीठ आणि शाखा निवडली, की विषयासमोर विषय मांडलेला करार दिसतो. 25,000 रुपये भरण्यापूर्वी आम्ही तो उघडला असता तर बरे झाले असते.

तिने मोबाइल पुढे धरल्यावर केंद्रातील मॅडमनी वाद न घालता चूक मान्य केली आणि चार दिवसांत नवा तक्ता दिला. तो आम्ही ओळीओळीने ताडून पाहिला, बरोबर आहे. मात्र त्या ‘सुधारित आराखड्या’चे म्हणून 2,000 रुपये वेगळे घेतले आणि त्याची पावती अद्याप दिलेली नाही.