अ‍ॅव्हरेज पडलं: आधी ऑक्सिजन सेन्सर बदलायचा की कन्व्हर्टर?

लिटरला १५ देणारी जुनी पेट्रोल गाडी ११ वर आली, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरली, की गॅरेजात दोनच सल्ले मिळतात. एक म्हणतो सेन्सर टाकून बघू, दुसरा म्हणतो कन्व्हर्टर गेला. कन्व्हर्टर म्हणजे धुरातले विषारी वायू निवळवणारा, सायलेन्सरच्या पाइपातला डबा. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महागडे धातू असतात, म्हणून हा दुसरा सल्ला चांगलाच महागात जातो.

कन्व्हर्टरच्या आधी बसवलेला पुढचा ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन जोखतो आणि त्यावरून इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. इंजिन गरम झाल्यावर साध्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सारखं वरखाली व्हायला हवं. ते खालीच अडकलं, तर इसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो ओततच राहतो. काजळी, पेट्रोलचा वास, पडलेलं अ‍ॅव्हरेज. पिकअप मात्र बऱ्यापैकी शाबूत.

कन्व्हर्टर चोक झाला, म्हणजे आतून तुंबला, की आधी पिकअपच जातो. घाटात गाडी दम टाकते, रेस दिली तरी गुदमरते. आतली जाळी फुटली असेल, तर गाडी थंड असताना हलकं ठोकल्यावर खुळखुळ ऐकू येते. पण कन्व्हर्टर निकामी असून मोकळा असेल, तर तो पीयूसी नापास करेल. अ‍ॅव्हरेज पडल्याचा आळ त्याच्यावर घेऊ नका.

पीयूसीच्या कागदावरचे आकडे बहुतेक जण वाचतच नाहीत. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. पहिला आकडा फार वर असेल तर पेट्रोल जास्त जातंय: सेन्सर, इंजेक्टर बघा. फक्त दुसरा वर असेल तर मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही: आधी प्लग बघा. चाचणीआधी गाडी दहा-पंधरा किलोमीटर पळवा. थंड कन्व्हर्टर काम करत नाही.

स्कॅनरवर पी०४२० हा कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड दिसला म्हणून लगेच कन्व्हर्टर मागवू नका. सायलेन्सरच्या पाइपातली गळती किंवा कन्व्हर्टरनंतरचा मागचा सेन्सर बिघडला तर तोही तो कोड आणू शकतो. पुढच्या सेन्सरच्या अलीकडे मॅनिफोल्डची (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांची) गॅस्केट गळत असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो. इंजिनाचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट उघडा अडकला तर तापमानाचा काटा अर्ध्यावर येतच नाही आणि पेट्रोल जास्त जातं. ब्रेक पूर्ण सुटत नसेल, तर फेरफटक्यानंतर एकच चाक तापलेलं लागतं. या तिन्ही तपासण्या जवळपास फुकटात होतात.

इथेनॉलचाही थोडा हात असतो. त्यात लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे १५ चे १४ झाले तर ई-२० कडे (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलकडे) बोट दाखवता येईल. १५ चे ११ झाले तर नाही.

दोन्ही बिघडल्याचं दिसलं, तरी मी आधी सेन्सरच बदलेन. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि जाळी वितळवतं. ते थांबवल्याशिवाय नवा बसवला तर त्याचीही तीच गत. गाडी चढाला मरतच असेल आणि बॅक प्रेशर (धूर अडल्याने मागे येणारा दाब) मोजून चोक पक्का झाला असेल, तर दोन्ही एकदमच बदला. जाळी काढून मोकळा पाइप बसवून देणारेही भेटतील, त्यांना पुढच्या पीयूसीला सोबत येता का विचारा.