ईएसपी३२ बोर्ड, गुऱ्हाळावरचा एक हंगाम: जुना प्रोग्रॅम चालतोय, नवा घेत नाही

आधी निकाल सांगतो. तीस पिनांचा, मायक्रो यूएसबीचा हा चारशे-पाचशे रुपयांतला ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला, प्रोग्रॅम टाकून चालवायचा छोटा कंट्रोलर) दिवाळीनंतर मामांच्या गुऱ्हाळावर बसवला आणि पाडव्यापर्यंत चालला. अजून चालतोय, पुढच्या हंगामासाठी आणखी दोन घेऊन ठेवलेत. तरी पाचपैकी चारच तारे. एक कापला तो बोर्डासोबत येणाऱ्या कागदासाठी. त्यावर पिनांची नावं छापलीत, पण कुठल्या पिनला काय जोडायचं नाही याबद्दल एक ओळ नाही. जानेवारीत याच एका ओळीवाचून आमचं काम अडलं होतं.

काम साधं आहे. मळा कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. काहिलीत रस आटत आला की तापमान कळावं म्हणून के टाइप थर्मोकपल (उष्णता मोजणारी तार), त्याला मॅक्स६६७५ चं छोटं मोड्यूल, जे तिचा आकडा करून देतं, आणि मोड्यूल या बोर्डाला. ढेपेचा गूळ ११८ अंशांच्या आसपास उतरतो, त्याच्या थोडं आधी भोंगा वाजतो आणि आकडा मोबाइलवर दिसतो. गुळव्या तात्यांना याची गरज नाही, हे पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं. "पाण्यात गोळी धरली की काहील उतरायची. तुझा भोंगा वाजू दे नाहीतर न वाजू दे." गरज आहे मामांना, कारण तात्या सुट्टीवर गेले की चुलवाणापाशी नवीन माणूस असतो.

मॅक्स६६७५ लावणाऱ्यांसाठी जाता जाता: त्याला एक मोजमाप पुरं करायला ०.२२ सेकंदांपर्यंत वेळ लागतो. त्यापेक्षा घाईनं विचारत राहिलात तर आकडा एका जागी चिकटल्यासारखा दिसतो आणि लोक थर्मोकपल बदलत बसतात.

आता मूळ दुखणं. जानेवारीत काकवीची ऑर्डर आली. काकवी १०५ च्या आसपासच उतरवावी लागते आणि भोंग्याचा आकडा प्रोग्रॅममध्येच लिहिलेला. म्हणजे नवा प्रोग्रॅम टाकणं आलं. लॅपटॉप घेऊन मळ्यावर गेलो, केबल लावली. पोर्ट दिसला, कंपाइल झालं, "कनेक्टिंग" आलं, पुढं ठिपक्यांची रांग, आणि शेवटी पॅकेट हेडरची वाट बघून वेळ संपल्याचा लाल मजकूर. इकडं बोर्ड मात्र जुन्या प्रोग्रॅमवर निवांत चालू, तापमान दाखवतोय. मामा म्हणाले, "चालतंय की रे, मग अडलंय कुठं?" हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा फार कामाचा निघाला.

कारण बोर्ड चालतोय याचा अर्थ चिप, फ्लॅश (प्रोग्रॅम साठवणारी मेमरी) आणि ३.३ व्होल्टचा पुरवठा धड आहे. आणि ईएसपी३२ मध्ये प्रोग्रॅम आत घेणारा पहिला बूटलोडर चिपच्या रॉममध्ये कायमचा कोरलेला असतो. आपला प्रोग्रॅम कितीही भिकार असला तरी तो पुसला जात नाही. अर्दुइनो नॅनो या दुसऱ्या छोट्या बोर्डाची गोष्ट वेगळी, तिथं बूटलोडर फ्लॅशमध्येच राहतो, तो जाऊ शकतो आणि मग दुसऱ्या बोर्डाला प्रोग्रॅमर करून परत टाकावा लागतो. (नॅनो अडली तर त्याआधी मेन्यूत "ओल्ड बूटलोडर" निवडून बघा. जुना ५७६०० वर बोलतो, नवा ११५२०० वर. "मेलेल्या" कित्येक नॅनो तिथंच उठून बसतात.) तेव्हा ईएसपी३२ प्रोग्रॅम घेत नसेल तर बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं की तो डाउनलोड मोडमध्ये, म्हणजे नवा प्रोग्रॅम घ्यायच्या तयारीत, जात नाहीये, किंवा लॅपटॉपचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नाहीये.

बोलणं पोचत नाही त्याची कारणं पटकन सांगतो. पहिली केबल. मोबाइलसोबत आलेल्या काही केबलांत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. बोर्डावरचा दिवा पेटतो पण लॅपटॉपला पत्ता लागत नाही. दुसरं ड्रायव्हर. बोर्डावरची यूएसबीची चिप सीपी२१०२ आहे की सीएच३४०, ते भिंगातून वाचा आणि त्याचाच टाका. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चा पोर्ट येतो आणि लगेच गायब होतो, कारण ब्रेल पडद्यासाठीचं बीआरएलटीटीवाय नावाचं पॅकेज तो बळकावतं. ते काढलं की झालं. तिसरं, १ आणि ३ नंबरच्या पिना यूएसबीच्याच वाटेवर आहेत. तिथं जीएसएम मोड्यूल किंवा दुसरं काही लावलं असेल तर दोघं एकदम बोलतात आणि कुणालाच काही कळत नाही. यूएसबीच्या चिपबद्दलच शंका असेल तर ईएन (रीसेटची) पिन ग्राउंडला धरून टीएक्स-आरएक्स, म्हणजे त्याच १ आणि ३ नंबरच्या पिना, एकमेकांना जोडा आणि सिरियल मॉनिटरवर (बोर्डाशी बोलायच्या लॅपटॉपवरच्या खिडकीत) काहीतरी टाइप करा. तेच अक्षर परत आलं तर केबल, ड्रायव्हर, चिप तिन्ही निर्दोष. आमच्याकडं अक्षर परत आलं.

मग राहिला डाउनलोड मोड. रीसेट होताना ० नंबरची पिन खाली, म्हणजे ग्राउंडला असेल तर चिप नवा प्रोग्रॅम घ्यायला थांबते. वर, म्हणजे ३.३ व्होल्टकडं असेल तर जुनाच चालवते. लॅपटॉपकडून हे आपोआप व्हावं म्हणून बोर्डावर दोन ट्रान्झिस्टर असतात आणि स्वस्त बोर्डांवर त्यांचा ताल कधीकधी चुकतो. "कनेक्टिंग" आल्यावर बूटचं बटण दाबून धरलं आणि प्रोग्रॅम गेला, तर दुखणं एवढंच आहे. ईएन आणि ग्राउंडच्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की बटण दाबावं लागत नाही. माझ्या नव्या दोनांपैकी एकाला तो लावावा लागला.

पण मळ्यावरच्या बोर्डाला बटणानंही काही फरक पडेना. इथं खरी उकल सुरू झाली. सिरियल मॉनिटर ११५२०० वर ठेवून ईएनचं बटण दाबलं की चिप स्वतःच एक ओळ छापते. त्यात रीसेटचं कारण आणि "बूट" या शब्दापुढं हेक्समधला (सोळावर आधारलेल्या मोजणीतला) एक आकडा असतो. ही ओळ लोक कचरा समजून सोडून देतात. नेहमीच्या सुरुवातीला तिथं १३ असतो. आमच्याकडं १बी होता. त्या आकड्याचा एकेक बिट म्हणजे रीसेटच्या क्षणी एकेका पिनची स्थिती: हेक्समधला १० म्हणजे शून्य नंबरची पिन, ८ म्हणजे दोन नंबरची, २० म्हणजे बारा नंबरची. १३ चा १बी झाला म्हणजे ८ वाढले. म्हणजे दोन नंबरची पिन वर ओढलेली आहे. आणि डाउनलोड मोडची अट अशी की शून्य नंबरसोबत दोन नंबरही खाली किंवा मोकळी हवी. नेहमीच्या सुरुवातीला दोन नंबर कशीही चालते. म्हणूनच जुना प्रोग्रॅम सुखात आणि नवा दाराबाहेर.

दोन नंबरवर काय होतं? डब्याच्या आतली उष्णता बघायला डिसेंबरात जोडलेला डीएस१८बी२० सेन्सर. त्याच्या डेटा तारेला ४.७ के चा रेझिस्टर ३.३ व्होल्टला जोडावाच लागतो आणि तोच पिनला वर ओढत होता. माझ्या भाच्यानं जोडणीचा नकाशा ईएसपी८२६६ या जुन्या चिपचा घेतला होता. त्या चिपला सुरुवातीला दोन नंबर वरच लागते, त्यामुळं तिथं ही जोडणी अगदी बरोबर. प्रोग्रॅम घरी टाकला, सेन्सर मळ्यावर जोडला, म्हणून तेव्हा कुणाला काही जाणवलं नाही. एक खूण डोळ्यांसमोर होती: बोर्डावरचा निळा दिवा याच पिनवर आहे आणि तो तेव्हापासून मंद पेटलेला असायचा. मल्टीमीटरनं पिनवर अडीच व्होल्टच्या वर दाखवलं. सेन्सरची तार काढली आणि प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात गेला. मग सेन्सर २७ नंबरवर हलवला आणि प्रोग्रॅममधला आकडा बदलला. काकवीचा भोंगा १०५ ला वाजायला लागला. तात्या फक्त "हं" म्हणाले.

बारा नंबरची पिन याहून खोडसाळ. रीसेटला ती वर असेल तर चिप फ्लॅशला १.८ व्होल्टची समजते, आणि या बोर्डांवरची फ्लॅश असते ३.३ ची. मग जुना प्रोग्रॅमही चालत नाही, "फ्लॅश रीड एरर, १०००" ची माळ छापत राहते आणि बूटच्या आकड्यात ३३ दिसतो. एसडी कार्डाचं मोड्यूल एचएसपीआय नावाच्या पिनांच्या संचावर लावलं की हे होतं, कारण त्याची डेटा बाहेर येणारी तार बारा नंबरवर येते आणि तिलाही वर ओढणारा रेझिस्टर असतो. यावर ईफ्यूज (चिपमधली एकदाच लिहिता येणारी खूण) जाळून व्होल्टेज कायमचं ठरवण्याचा उपाय आहे. तो उलटवता येत नाही. तार दुसऱ्या पिनवर नेणं फुकट आहे.

मी आता १६ ते १९, २१ ते २३, २५ ते २७, ३२ आणि ३३ एवढ्याच पिना मोकळेपणानं वापरतो. वूरम मोड्यूलवर (चिप आणि फ्लॅश असलेल्या, बोर्डावरच्या पत्र्याच्या डबीवर) त्या सगळ्या निर्धोक आहेत. ३४ आणि त्यापुढच्या फक्त वाचायच्या, त्यांना आतला पुल-अपही (वर ओढणारा रेझिस्टर) नाही. ६ ते ११ फ्लॅशच्या मालकीच्या, तिकडं फिरकायचंच नाही.

बाकी हंगामाचा अनुभव. चरकाची मोटर सुरू होताना विजेचा दाब बसायचा आणि मॉनिटरवर "ब्राउनआउट" (व्होल्टेज कमी पडलं) येऊन बोर्ड रीसेट व्हायचा. वायफायला क्षणभर बराच करंट लागतो आणि साधा मोबाइल चार्जर तिथं कमी पडतो. दोन अँपियरचा बरा अडॅप्टर आणि पाच व्होल्टच्या पिनपाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यावर ते थांबलं. विन पिनला थेट १२ व्होल्ट देऊ नका. ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर उरलेले सगळे व्होल्ट उष्णतेत घालवतो, आणि चुलवाणाजवळ उष्णतेला आधीच तोटा नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून पत्र्याची छान पेटी करून घ्यायचा मोह होतो, पण पत्र्यात वायफाय कोंडतं. वायरिंगचा प्लास्टिकचा डबा, खालून तार आत आणि भोकाला एम-सील, एवढ्यावर काजळी आणि चिपाडाचा भुगा बाहेर राहिला.

मायक्रो यूएसबीचं तोंड मात्र हंगामाअखेर ढिलं झालं. म्हणून हवेतून प्रोग्रॅम टाकायची, म्हणजे ओटीएची सोय प्रोग्रॅममध्ये घातली. त्यात दोन गोष्टी बघा. नव्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ओटीएचा भाग राहिलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी परत केबल. आणि पार्टिशन (फ्लॅशची वाटणी) निवडताना "नो ओटीए" लिहिलेलं घेऊ नका. आमचा आता घराच्या ओसरीवरून प्रोग्रॅम घेतो.

घ्यावा का? गुऱ्हाळ, गोठा, मोटरचा पाणी-सेन्सर, कॉलेजचा प्रोजेक्ट, यांना बिनधास्त घ्या, शक्यतो टाइप सी तोंडाचा. फाउंड्रीतल्या किंवा लेथच्या पॅनेलमध्ये २४ व्होल्टच्या सिग्नलवर लावायचा विचार असेल तर हा बोर्ड तसाच नेऊ नका. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत, मध्ये ऑप्टोकपलर (दोन बाजूंचे व्होल्ट वेगळे ठेवून सिग्नल पोचवणारे भाग) हवेत, आणि ते सगळं करून होणारा खर्च धरला तर तिथं छोटी पीएलसीच (कारखान्यासाठीचा तयार कंट्रोलर) परवडते.