यूएसबी हार्ड डिस्क की ब्लू-रे रायटर? आठ महिन्यांच्या वापरानंतर

फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रांचे स्कॅन असा ३०० जीबी डेटा आठ महिने दोन्हीकडे ठेवला: २ टीबीची अडीच इंची यूएसबी हार्ड डिस्क आणि स्लिम यूएसबी ब्लू-रे रायटर, म्हणजे ब्लू-रे डिस्कवर डेटा लिहिणारा ड्राइव्ह.

रोजच्या बॅकअपला हार्ड डिस्कच घ्या. फक्त स्वस्त अडीच इंचीत बहुतेक वेळा एसएमआर तंत्र असतं. कौलं जशी एकमेकांवर थोडी चढवून बसवतात, तसे यात ट्रॅक असतात. मधलं कौल बदलायला शेजारची उचलावी लागतात, म्हणून मोठी कॉपी आधी सेकंदाला १०० एमबीने पळते आणि मग २०-३० वर येऊन रेंगाळते. डिस्क बिघडली म्हणून घाबरू नका. हजारो बारीक फायली असतील तर आधी झिप करा. महिन्यातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. ‘सी५’च्या ओळीत (वाचायला अडचण येणाऱ्या जागांची संख्या) शून्याऐवजी काहीही दिसलं, तर पहिल्यांदा डेटा बाहेर काढा, दुरुस्तीचे प्रयोग नंतर.

ब्लू-रे हवी ती न बदलणाऱ्या गोष्टींसाठी. एकदा बर्न केलेली, म्हणजे लेसरने लिहिलेली बीडी-आर (एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे डिस्क) चुकून डिलीट होत नाही, फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरलाही तिच्यावर काही करता येत नाही. पण वेळ लागतो. २५ जीबीची डिस्क विंडोजमध्ये २३.३ दिसते, २२ पर्यंतच भरा, म्हणजे ३०० जीबीला १४ डिस्क. ४एक्स वेगाने बर्नला साधारण २३ मिनिटं, व्हेरिफायला (लिहिलेलं परत वाचून तपासायला) जवळपास तेवढीच. व्हेरिफाय टाळू नका.

डिस्क वाया जायचं नेहमीचं कारण म्हणजे अपुरी वीज. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ देतो ९००; लिहिताना लेसर आणि मोटर मिळून त्याहून जास्त ओढू शकतात. मग बर्न मध्येच थांबतं, किंवा पूर्ण होऊन व्हेरिफायला अडकतं. वाय-केबल (दोन पोर्टमधून वीज घेणारी) किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लावा.

कोऱ्या डिस्कच्या पाकिटावर ‘एलटीएच’ (बीडी-आरचा स्वस्त प्रकार) असेल तर घेऊ नका. त्यातला सेंद्रिय रंग उष्णतेत आणि उजेडात लवकर खराब होतो. ब्लू-रेचा डेटा थर पृष्ठभागापासून अवघा ०.१ मिमी आत असतो, डीव्हीडीत ०.६. म्हणून डिस्क कडेला धरा, मधून बाहेर सरळ पुसा आणि कडक डबीतच ठेवा.

सोनीने फेब्रुवारी २०२५मध्ये रेकॉर्डेबल ब्लू-रेचं उत्पादन थांबवलं. त्यामुळे रायटर घेणार असाल तर पुढच्या दोन-तीन वर्षांच्या डिस्कही आत्ताच घेऊन ठेवा.