सोळाव्या वर्षी ओएचएल की घराजवळची ज्युनियर ए?

ओंटारिओत स्थायिक झालेल्या मराठवाड्यातील कुटुंबातला मुलगा आइस हॉकीत चमकू लागला, की पंधरा-सोळाव्या वर्षी घरापुढे एक प्रश्न उभा राहतो आणि फोनवरून तो लातूर-नांदेडच्या आजी-आजोबांपर्यंत येऊन पोहोचतो. ओंटारिओ हॉकी लीगच्या, म्हणजे ओएचएलच्या, संघाने निवड केली तर लगेच पाठवावे, की घराजवळच्या ज्युनियर ए, म्हणजे एक पायरी खालच्या पातळीच्या, संघात आधी एक हंगाम खेळू द्यावे? माझ्या पुतण्याच्या निमित्ताने आमच्याकडे यावर बरीच चर्चा झाली, आणि असाच निर्णय ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी तिचे सार येथे देत आहे.

नातेवाइकांचा बराचसा सल्ला अजून जुन्या नियमावर बेतलेला असतो, म्हणून ती बाब आधी घेतो. ओएचएल ही ‘मेजर ज्युनियर’ या सर्वोच्च पातळीवरची लीग आहे. खेळाडूंना मिळणारा मासिक भत्ता आणि व्यावसायिक करार झालेल्या मुलांचा सहभाग यांमुळे अमेरिकेतील विद्यापीठीय खेळांचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था या पातळीला व्यावसायिक मानत असे, त्यामुळे तेथे खेळलेल्या मुलाला अमेरिकी विद्यापीठाच्या पहिल्या श्रेणीच्या संघाचे दार बंद होई. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा नियम बदलण्याचा निर्णय झाला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून तो लागू झाला. मेडिसिन हॅट टायगर्स या मेजर ज्युनियर संघाचा गॅव्हिन मॅकेना त्याच वर्षी पेन स्टेट या अमेरिकी विद्यापीठात दाखल झाला. ‘कॉलेज हवे असेल तर ज्युनियर एच’ हा युक्तिवाद त्यामुळे आता टिकत नाही.

हंगामाचे ओझे मात्र दोन्हीकडे सारखे नाही. ओएचएलमध्ये २० संघ असून प्रत्येकाला सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत ६८ सामने खेळावे लागतात. त्यानंतर १६ संघ बाद फेरीत जातात आणि तेथे दोन संघांत जास्तीत जास्त सात सामने होतात, आधी चार जिंकणारा पुढे जातो. ईरी, फ्लिंट आणि सॅगिनॉ हे तीन संघ अमेरिकेत आहेत, तर सू सेंट मरी हे आणखी एका संघाचे गाव टोरँटोपासून सुमारे ७०० किलोमीटर दूर आहे. ओंटारिओतील ज्युनियर ए मध्ये सामने पन्नासहून थोडे अधिक असतात आणि टोरँटोच्या परिसरातला मुलगा बहुतेक वेळा सामना आटोपून रात्री घरी येतो. प्रवासाची आईला वाटणारी भीती अनाठायी नाही. ६ एप्रिल २०१८ रोजी सस्कॅचेवानमध्ये हम्बोल्ट ब्रॉन्कोसच्या बसला अपघात होऊन १६ जण दगावले, आणि तो ज्युनियर ए संघच होता. तेव्हा पातळीचे नाव न पाहता प्रत्यक्ष वेळापत्रक पाहावे.

सोळाव्या वर्षी मूल बाहेर ठेवणे आपल्या भागाला नवे नाही. दहावी झाली की बीड, परभणी, हिंगोलीची मुले लातूरला खोली करून, मेस लावून राहतात. ओएचएलचा खेळाडू संघाने ठरवून दिलेल्या स्थानिक कुटुंबात राहतो आणि त्याच गावातल्या शाळेत जातो, त्यामुळे देखरेख खोलीवरच्या मुलापेक्षा अधिक असते. घरात शाकाहार पाळत असाल तर हे संघाला आधीच सांगावे. राहणे, जेवण, प्रवास आणि साहित्याचा खर्च संघ करतो. शिवाय खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या उच्च शिक्षणाची फी मिळते. मात्र ती कोणत्या मुदतीत वापरायची आणि व्यावसायिक करार झाल्यास तिचे काय होते, ही कलमे सहीपूर्वी नीट वाचावीत. ज्युनियर ए मध्ये बहुधा पालकांनाच फी भरावी लागते.

अमेरिकेत शिकण्याचा विचार असेल तर एनसीएएच्या पहिल्या श्रेणीसाठी १६ मुख्य विषय लागतात आणि त्यांतील १० शाळेचे शेवटचे वर्ष सुरू होण्याआधी पूर्ण व्हावे लागतात. अकरावीत शाळा बदलताना नेमके हेच निसटते.

तरीही माझ्या मते निर्णय ठरावा तो बर्फावर मिळणाऱ्या वेळेवरून. सामना साठ मिनिटांचा असतो आणि प्रत्येक संघात गोलरक्षक धरून वीस खेळाडू असतात. आघाडीच्या बारा जणांच्या चार फळ्या पाऊण-पाऊण मिनिटाने आत-बाहेर होतात, आणि सामना चुरशीचा झाला की प्रशिक्षक पहिल्या दोन फळ्यांवरच भर देतो. समोर वीस वर्षांचे पूर्ण वाढलेले गडी असताना चौथ्या फळीतल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात, आणि काही रात्री तर तो गणवेशही न घालता प्रेक्षकांत बसतो. त्याच वयाचा मुलगा ज्युनियर ए मध्ये वरच्या फळीत, संख्याबळाच्या डावातही (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) खेळू शकतो. ओएचएल संघाकडे त्याला खेळवण्याचे हक्क असतील, तर काही सामन्यांपुरते तेथे बोलावणेही येऊ शकते.

वाट एकच नसते, याचे उदाहरण भारतीय वंशाचा खेळाडू जुझार खैरा. ब्रिटिश कोलंबियातील ज्युनियर ए, मग मिशिगन टेक हे अमेरिकी विद्यापीठ, मग एव्हरेट येथील मेजर ज्युनियर संघ, असा प्रवास करून तो एनएचएल या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला. भारतीय वंशाचाच मॅनी मल्होत्रा मात्र ग्वेल्फ स्टॉर्म या ओएचएल संघातूनच वर गेला.

म्हणून प्रशिक्षकाने पहिल्या तीन फळ्यांत जागेची स्पष्ट खात्री दिली तर ओएचएलला पाठवावे. नुसते ‘बघू’ असे उत्तर आले तर एक वर्ष घराजवळ खेळू द्यावे. मुलगा गोलरक्षक असेल तर मी जवळजवळ नेहमीच दुसरा पर्याय सुचवेन, कारण एका वेळी जाळ्यासमोर एकच जण उभा राहतो आणि ती जागा बहुधा अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडे असते.