सात महिने, ६,२०० किलोमीटर आणि नसलेली किक

वडिलांची २००४ ची हिरो होंडा स्प्लेंडर घरात आहेच. मार्चमध्ये नवी १२५ सीसी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. पॉवर, टॉर्क सगळ्यांना पाठ असतं, म्हणून थेट मुद्द्यावर येतो: या गाडीला किक नाही.

शोरूममध्ये माझ्या ते लक्षातही आलं नाही. गणपतीत गाडी दहा दिवस दारात उभी राहिली आणि नंतर पहिल्या पाळीला निघताना सेल्फ नुसता ‘टक्’ म्हणाला. शेजारची दोन पोरं उठवली, उतारावर ढकलली, सेकंडमध्ये क्लच सोडला. काही नाही! जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल टाकीतून आपोआप उतरतं. या नवीसारख्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत टाकीतल्या पंपाला आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, दोघांनाही करंट लागतो. बॅटरी पार बसली की ढकलून फक्त घाम निघतो. शेवटी स्प्लेंडर काढली. चोक ओढला, दुसऱ्या किकला चालू. तिची बॅटरी तर गेल्या दिवाळीपासून मेलेलीच आहे. हॉर्न वाजत नाही, एवढंच.

सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, “साहेब, उभी ठेवलीत ना, मग वॉरंटीत नाही बसत.” म्हणजे पेट्रोल वाचवलं हा माझा गुन्हा. अर्धा तास हुज्जत घातली, तेव्हा चार्ज करून दिली, तीही दोनशे रुपये घेऊन. पार बसलेल्या बॅटरीला किकही पुरली नसती म्हणा, पण नुसती उतरलेली असती तर किकने भागलं असतं. लाखभराच्या गाडीत एक लोखंडी दांडा आणि दोन गिअर जड झाले यांना!

हे सगळं तावातावाने लिहून ठेवलं होतं. मग गेल्या आठवड्यात रात्री साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट उतरताना पावसात म्हैस आडवी आली. घाबरून नुसता मागचा ब्रेक दाबला, पण सीबीएसमुळे, म्हणजे दोन्ही ब्रेक जोडलेले असल्यामुळे, पुढचाही लागला आणि गाडी सरळ रेषेत थांबली. जुनीवर असतो तर आडवा झालो असतो. शिवाय म्हैस दिसली तीच एलईडीमुळे. त्या काळच्या बऱ्याच बाईकचा हेडलाइट थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या भागावर, चालायचा, रेस कमी केली की काजवा. घाटात रेस कमीच असते. तेव्हा रात्रीला आणि पावसाला नवीच, हे आता कबूल.

अ‍ॅव्हरेज टाकी ते टाकी नवीचं ५७, स्प्लेंडरचं अजून ६२. जुनीला एचएसआरपीचे, म्हणजे नव्या सक्तीच्या नंबर प्लेटचे, ५३१ रुपये गेले, दर पाच वर्षांनी पासिंगचा हेलपाटा वेगळा. पण तिला कोपऱ्यावरचा मेकॅनिक पाना घेऊन बसतो, नवीला लॅपटॉप लागतो.

विकायची म्हटलं तर वडील ऐकत नाहीत, आणि त्या सकाळनंतर मीही नाही. रविवारी मंडईला आता मुद्दाम नवी काढतो, बॅटरीसाठी. मंडई पाच मिनिटांवर, तेवढ्यात काय चार्ज होणार, म्हणून बोगद्यापर्यंत जाऊन येतो. पेट्रोल माझंच.